उत्तरभागाचे भांडण : तादात्म्य, क्रम आणि हात

१

एखाद्या कलाकृतीचा उत्तरभाग प्रसिद्ध होतो तेव्हा आस्वादकापुढे नवी संहिता येते, आणि तिच्याबरोबरच जुन्या संहितेवरचा आपला ताबा सुटत असल्याची जाणीवही येते. पूर्वभाग वाचून झाल्यानंतर वाचकाने त्यातील व्यक्तींना काही वर्षे आपल्या मनात नांदवलेले असते. त्यांच्या पुढच्या आयुष्याविषयी त्याने काही ठरवलेले असते. क्वचित त्यांच्या अपराधांवर पांघरूणही घातलेले असते. उत्तरभाग या खाजगी व्यवस्थेत हस्तक्षेप करतो. म्हणून उत्तरभागाविषयीची भांडणे ही पुष्कळदा मालकीची भांडणे असतात. ती लढली मात्र जातात वाङ्मयीन मूल्यमापनाच्या परिभाषेत. 'हे लेखन वाईट आहे' या विधानामागे अनेकदा 'माझ्या माणसाशी असे वागायला नको होते' ही तक्रार असते. तक्रार आणि मूल्यविधान यांतील अंतर समीक्षकाने राखलेच पाहिजे. परंतु तक्रारीला कान न देता केलेले मूल्यमापन कितपत पूर्ण असते, असा प्रश्न मला गेली काही वर्षे पडला आहे, आणि तो एका व्हिडिओ गेमच्या निमित्ताने पडला आहे.

या भांडणांना चार शतकांचा इतिहास आहे. सर्व्हान्टिसच्या 'डॉन किहोते'चा पहिला भाग १६०५ मध्ये आला. खरा दुसरा भाग येण्यापूर्वीच, १६१४ मध्ये, आव्हेयानेदा या टोपणनावाने कोणी एकाने आपला स्वतःचा दुसरा भाग छापून टाकला. १६१५ च्या खऱ्या दुसऱ्या भागात पहिला भाग वाचलेली पात्रे वावरतात. सान्सोन कारास्को हा तरुण पदवीधर वाचकांचे आक्षेप खुद्द नायकाला ऐकवतो : मध्येच घातलेली स्वतंत्र कथा अस्थानी होती, नायकाला बसलेला मार थोडा कमी दाखवला असता तर बरे झाले असते, इत्यादी. ग्रंथाच्या अखेरीस सर्व्हान्टिसने नायकाला मरण दिले. त्याला पुन्हा कोणी स्वारीवर काढू नये, हा त्यातील एक उघड हेतू. आर्थर कॉनन डॉयलने १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला धबधब्यात लोटले, आणि वाचकांच्या नाराजीनंतर १९०३ मध्ये त्याला जिवंत परत आणले. लेखक, पात्र आणि वाचक यांच्यातील हा त्रिपक्षीय करार कोठेच लिहिलेला नसतो. तो मोडला की मगच त्याची कलमे वाचता येतात.

'द लास्ट ऑफ अस' हा खेळ नॉटी डॉग या अमेरिकन संस्थेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचा दुसरा भाग, 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू', १९ जून २०२० रोजी आला. दिग्दर्शन नील ड्रकमन यांचे. लेखन त्यांचे आणि हॅली ग्रॉस यांचे. पहिल्या तीन दिवसांत त्याच्या चाळीस लाखांहून अधिक प्रती खपल्या. मेटाक्रिटिक या संकलनात व्यावसायिक समीक्षकांनी दिलेल्या गुणांची सरासरी ९३ झाली. सामान्य खेळणाऱ्यांच्या रकान्यात मात्र प्रकाशनानंतर काही तासांतच हजारो शून्ये पडली. हा खेळ संपवायला सुमारे पंचवीस तास लागतात. पुढे डिसेंबर २०२० मध्ये 'द गेम अवॉर्ड्स' या सोहळ्यात त्याला सात पुरस्कार मिळाले. त्यांत वर्षातील सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार होता, आणि सर्वोत्तम कथनाचाही होता. ज्या गुणासाठी एका पक्षाने त्याला डोक्यावर घेतले, नेमका तोच गुण त्यात नाही असे दुसरा पक्ष म्हणत होता. प्रकृतीने इतका स्वच्छ वाङ्मयीन असा वाद आपल्या साहित्यव्यवहारातही अलीकडे क्वचितच झाला असेल.

मी हा वाद प्रथम ऐकला तो एम.ए.च्या कथनमीमांसेच्या वर्गात. निवेदकाची विश्वासार्हता हा विषय चालू होता, आणि दोन विद्यार्थी कोणत्याही कादंबरीवरून भांडले नसते इतक्या पोटतिडकीने या खेळावरून भांडले. त्यांपैकी एकीला पुढे त्यावर लघुप्रबंध लिहावयाचा होता. विषय मंजूर करणाऱ्या समितीत तिला विचारले गेले, "यात संहिता कोठे आहे?" हा प्रश्न उपहासाने विचारला गेला होता, पण प्रश्न म्हणून तो उत्तम आहे. तो गंभीरपणे घ्यावा, म्हणून मी हा खेळ माझ्या भाच्याच्या कन्सोलवर शेवटपर्यंत खेळले.

२

पूर्वभागाचे घटित थोडक्यात सांगावयास हवे. एका बुरशीच्या साथीने मानवी समाज उद्ध्वस्त झाला आहे. साथीच्या पहिल्याच रात्री जोएलची मुलगी सैनिकाच्या गोळीने मरते. वीस वर्षांनंतर त्याच्यावर एली या चौदा वर्षांच्या मुलीला देशाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचवण्याचे काम येते. एलीला ही बुरशी बाधत नाही. तिच्यापासून लस बनेल अशी आशा आहे. सॉल्ट लेक सिटीच्या रुग्णालयात पोहोचल्यावर कळते, की त्यासाठी तिचा मेंदू काढावा लागेल. जोएल तेथील माणसांना मारून बेशुद्ध एलीला उचलून आणतो, आणि शुद्धीवर आल्यावर तिच्याशी खोटे बोलतो. ते खोटे तिने स्वीकारल्यासारखे करते, तेथे पूर्वभाग संपतो.

उत्तरभागात चार-पाच वर्षे लोटली आहेत. जोएल आणि एली जॅक्सन या वसाहतीत राहतात. ॲबी नावाची तरुणी आपल्या साथीदारांसह जोएलला शोधत येते. जोएल आणि त्याचा भाऊ टॉमी तिचा जीव वाचवतात. आणि थोड्याच वेळात ती जोएलला एलीच्या डोळ्यांदेखत गोल्फच्या काठीने ठेचून मारते. एली सूडासाठी सिॲटलला जाते. तिचे तेथील तीन दिवस आपण खेळतो. तिसऱ्या दिवसाच्या शेवटी, एका ओसाड नाट्यगृहात ॲबी एलीसमोर पिस्तूल रोखून उभी राहते. त्या क्षणी खेळ मागे जातो, आणि तेच तीन दिवस आपल्याला ॲबी म्हणून पुन्हा खेळावे लागतात. रुग्णालयात जोएलने मारलेला शल्यविशारद हा तिचा बाप होता, हे आता कळते.

या रचनेवर घेतल्या गेलेल्या आक्षेपांचे तीन वर्ग पडतात. पहिला संभाव्यतेचा : वीस वर्षे कोणावरही विश्वास न ठेवलेला जोएल अनोळखी सशस्त्र टोळीच्या मधोमध इतका बेसावध कसा उभा राहील? टॉमी आपली नावे इतक्या सहज कशी सांगून टाकतो? दुसरा क्रमाचा : नायकाला आरंभी मारून त्याच्या मारेकरणीची बाजू इतक्या उशिरा सांगणे ही कथनाची चूक आहे. तिसरा सक्तीचा : जिचा द्वेष वाटतो तिच्या वतीने खेळायला लावणे हा खेळणाऱ्यावर अन्याय आहे.

याखेरीज एक चौथाही वर्ग होता. त्याला आक्षेप म्हणता येणार नाही. ॲबीचे पिळदार शरीर, एलीचे दीनावरचे प्रेम, लेव्ह या पारलिंगी मुलाची उपस्थिती यांविषयीचा तिटकारा 'वाईट लेखन' या शब्दप्रयोगाआड लपून आला. ॲबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेली या अभिनेत्रीला जीवे मारण्याच्या धमक्या आल्या, आणि जुलै २०२० मध्ये निर्मात्या संस्थेला त्यांचा जाहीर निषेध करावा लागला. एप्रिल २०२० च्या अखेरीस खेळातील काही चित्रफिती फुटल्या होत्या; त्यामुळे अनेकांनी कलाकृती येण्याआधीच तिच्यावरचा निकाल लिहून ठेवला होता. ही माणसे आस्वादक म्हणून बोलतच नव्हती. त्यांच्या गोंगाटामुळे समर्थकांची एक सोय झाली : प्रत्येक आक्षेपकाला याच गर्दीत ढकलता येऊ लागले. माझ्या वर्गात भांडणारा विद्यार्थी मात्र त्या गर्दीतला नव्हता. त्याला एलीचे प्रेमही मान्य होते आणि ॲबीचे शरीरही. त्याचे म्हणणे एवढेच होते, की "माझ्याकडून हे करून घेतले गेले."

संभाव्यतेचा आक्षेप मला तितकासा महत्त्वाचा वाटत नाही. जॅक्सनमधील स्थिर, कौटुंबिक आयुष्याने जोएल सैलावला होता, हिमवादळात आसरा हवा होता, असे त्याला उत्तर देता येते, आणि ते पुरेसे आहे. शिवाय कथानकातील संभाव्यतेच्या त्रुटी आपल्याला नको असलेल्या घटनेतच ठळक दिसतात, असा कादंबरीवाचनातलाही अनुभव आहे. नायक अशक्यप्राय योगायोगाने वाचतो तेव्हा आपण हिशेब मागत नाही. तो मरतो तेव्हा पै-पैचा मागतो. उरलेले दोन आक्षेप, क्रमाचा आणि सक्तीचा, मात्र तपासून पाहण्यासारखे आहेत. ते परस्परांत गुंतलेले आहेत, हे बहुतेक भांडणाऱ्यांच्या लक्षात आलेले दिसत नाही.

३

घटित आणि कथानक यांतील भेद रशियन रूपवाद्यांनी मांडला, आणि आपण तो वर्गात दरवर्षी शिकवतो. घटना ज्या क्रमाने घडल्या तो एक क्रम. त्या ज्या क्रमाने सांगितल्या गेल्या तो दुसरा. क्रम बदलला की अर्थ बदलतो, असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. परंतु हे विधान सिद्ध करून दाखवण्याची सोय कादंबरीत नसते. एखाद्या कादंबरीची प्रकरणे उलटसुलट लावून वाचता येतील. पण ती लेखकाने अधिकृतपणे लावलेली नसतील.

येथे तशी सोय अनपेक्षितपणे झाली. जुलै २०२५ मध्ये नॉटी डॉगने या खेळात सगळे घटित कालक्रमाने खेळता येईल अशी एक स्वतंत्र व्यवस्था उपलब्ध करून दिली. एलीचे आणि ॲबीचे सिॲटलमधील तीन दिवस तेथे एकमेकांत विणून येतात. मूळ खेळात आठवणी म्हणून उशिरा येणारे प्रसंग आपापल्या काळाच्या जागी येतात. एकाच घटिताची दोन अधिकृत कथानके आता शेजारी शेजारी उभी आहेत. कथनमीमांसा शिकवणाऱ्याला यापेक्षा अधिक काय हवे?

दोन्हींची तुलना केली असता क्रमाच्या आक्षेपाचे स्वरूप स्पष्ट होते. कालक्रमात बापाची मुलगी म्हणून ॲबी आपल्याला आधी भेटते. जोएलची मारेकरीण म्हणून नंतर. तिने जोएलला मारावे असे आपल्याला वाटत नाही, पण ती का मारते आहे हे ठाऊक असते. राग येण्यापूर्वीच त्याची धार गेलेली असते. मूळ क्रमात राग आधी येतो. तो दहा-बारा तास पोसला जातो, त्यातून अनेक माणसे मारली जातात, आणि मग त्या रागाच्या विषयाशी सविस्तर ओळख करून दिली जाते. आपला द्वेष आपल्याला कोठवर नेतो हे मूळ क्रम पाहतो. कालक्रम द्वेषाची वेळच येऊ देत नाही. म्हणून आक्षेपकांना जे क्रमाचे अपयश वाटले तो क्रमाचा हेतू होता, असे समर्थकांचे म्हणणे मला ग्राह्य वाटते.

मात्र येथे एक दुसरी वस्तुस्थिती विचारात घ्यावी लागते. याच कथेवरील दूरचित्रमालिकेचे दुसरे पर्व एप्रिल २०२५ मध्ये आले. त्यात ॲबीच्या सूडाचे कारण प्रेक्षकाला पहिल्याच भागाच्या आरंभी सांगून टाकले आहे. जोएल मरतो तो दुसऱ्या भागात. ड्रकमन हे मालिकेच्या या पर्वाचेही एक निर्माते होते. म्हणजे मूळ क्रम खेळासाठी आवश्यक होता, पण पाहण्याच्या माध्यमात तो टिकेल असे त्याच्या कर्त्यांनाही वाटले नसावे. क्रमाचे बळ केवळ क्रमात असते तर ते मालिकेतही उतरले असते. ते कशावर तरी उभे होते, आणि ती वस्तू मालिकेच्या प्रेक्षकाजवळ नव्हती. ती वस्तू म्हणजे खेळणाऱ्याचा हात.

४

वाङ्मयानंदाची उपपत्ती सांगताना न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोदे साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःची भूमिका सोडत नाही. दोन भूमिका एकाच वेळी भोगता येतात म्हणून त्याला आनंद होतो. या उपपत्तीच्या मर्यादांची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. मला येथे तिच्यातील 'विकल्प' या पदाचा उपयोग वाटतो. विकल्प म्हणजे 'मी तो नव्हे' ही शिल्लक राहिलेली जाणीव. ही जाणीव असते म्हणूनच आपण खलनायकाच्या मनातही निर्धास्तपणे शिरू शकतो.

सौप्तिक पर्वाचे उदाहरण घेऊ. बापाचा कपटाने वध झालेला अश्वत्थामा रात्री वडाखाली बसून घुबडाने केलेला कावळ्यांचा संहार पाहतो, आणि त्यातून त्याला झोपलेल्यांना मारण्याची युक्ती सुचते. कथन त्याच्या शेजारी बसलेले आहे. आपणही त्याच्या शेजारी बसतो, आणि त्याच्याबरोबर पांडवांच्या छावणीत शिरतो. आजवर कोणी याला कथनाचा दोष म्हटलेले नाही. ऐकणाऱ्याच्या हातात त्या रात्री तलवार दिलेली नसते.

व्हिडिओ गेममध्ये ती दिली जाते. वरवर पाहता येथे विकल्प अधिकच मोठा असावयास हवा : आपण कोचावर बसलेलो असतो, हातात प्लास्टिकचे यंत्र असते, मेलो तर पुन्हा खेळता येते. मनाच्या बाबतीत हे खरे आहे. हाताच्या बाबतीत नाही. बारा तास एलीला वाचवण्यात गेले की बोटे विचाराशिवाय हलू लागतात. अंगावर येणारा वार चुकवण्याचे, प्रतिवार करण्याचे वळण त्यांना लागते. येथे समाधीचे दोन तुकडे पडतात असे मला वाटते : मन सविकल्प राहते आणि हात निर्विकल्प होतो. 'मी ती नव्हे' हे मनाला ठाऊक असते; हाताला ते कोणी सांगितलेले नसते.

नाट्यगृहातील प्रसंगाकडे खेळ परत येतो तेव्हा आपण ॲबी असतो, आणि अंधारात बंदूक घेऊन आपल्याला शोधणारी एली ही शत्रू असते. जे बटण दाबून आतापर्यंत एलीच्या वतीने वार केला तेच बटण दाबून आता एलीवर करावयाचा. मी तेथे हात थांबवला. खेळाचा अभ्यास म्हणून नव्हे. बोट दाबले जाईना. शेजारी बसलेला भाचा म्हणाला, "मावशी, थांबू नकोस, ती मारेल तुला." एलीने मला मारले. पडदा काळा झाला आणि प्रसंग पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. मी पुन्हा थांबले, पुन्हा मेले. माझा नकार हे खेळाच्या लेखी उत्तर नव्हते. ते अपयश होते, आणि अपयशावरचा उपाय म्हणजे पुनःप्रयत्न. तिसऱ्या वेळी मी बटण दाबले.

वर्गातल्या त्या विद्यार्थ्याच्या "करून घेतले गेले" या कर्मणी रचनेचा अर्थ मला तेव्हा पुरता लागला. कादंबरी मिटून ठेवता येते, आणि मिटलेली कादंबरी वाचकाच्या नकाराचा मान राखते. येथेही यंत्र बंद करता आले असते. परंतु कथेच्या आत राहून नाही म्हणण्याची जागा नव्हती.

यावरून सक्तीचा आक्षेप मान्य करावा लागेल असे वाटण्याचा संभव आहे. पण त्याला २०१३ ची साक्ष आडवी येते. पूर्वभागातील रुग्णालयात एक शल्यविशारद हातात शस्त्र घेऊन जोएलच्या वाटेत उभा राहतो. त्याला मारल्याशिवाय खेळ पुढे सरकत नाही. तेथेही पर्याय नव्हता. पण त्या वेळी एवढा उद्रेक झाला नाही. सक्तीने करावयाची कृती आणि खेळणाऱ्याची इच्छा तेथे जुळत होती. एलीला वाचवायचे होतेच. मध्ये उभ्या असलेल्या निनावी माणसाचे काय होते याची फिकीर अनेकांनी केली नाही. उत्तरभागाने त्या निनावी माणसाला जेरी हे नाव दिले, प्राण्यांवर माया करणारा स्वभाव दिला, एक मुलगी दिली. उत्तरभाग पूर्वभागाचा अर्थ कसा बदलतो याचे इतके सरळ उदाहरण दुसरे सापडणे कठीण. तेव्हा 'पर्याय दिला नाही' हे आक्षेपकांचे तत्त्व नव्हतेच. नावडत्या कृतीची सक्ती झाली तेव्हाच त्यांना सक्ती दिसली. तक्रारीत सत्य होते, पण ते तक्रारकर्त्यांनी सांगितले त्याहून निराळे होते.

५

समर्थकांचा पक्षही यामुळे निर्दोष ठरत नाही. त्यांच्या मते हा खेळ खेळणाऱ्याला हिंसेतील त्याच्या सहभागाची जाणीव करून देतो. एली नोरा या बंदिवान स्त्रीकडून माहिती काढण्यासाठी तिच्यावर नळीने घाव घालते. प्रत्येक घावासाठी आपल्याला बटण दाबावे लागते. ॲलिस नावाच्या कुत्रीला आपण एली म्हणून मारतो. पुढे ॲबीच्या भागात तीच ॲलिस जिवंत, आपल्या मागेपुढे वावरताना दिसते. मेल ही तरुणी गरोदर होती हे तिला मारल्यावर कळते. या सर्व ठिकाणी खेळाची अपेक्षा अशी की आपण ओशाळावे. पण ज्याला दुसरे काही करण्याची मुभा नव्हती त्याच्यावर अपराध कसा शाबीत होणार? अपराधाला कर्तृत्व लागते, आणि कर्तृत्व लेखकाने स्वतःकडे ठेवले आहे. बटण आपण दाबले, निर्णय त्यांनी घेतला, आणि शरम आपल्या नावे लिहिली.

या रचनेचे बीज ड्रकमन यांनी स्वतः सांगितले आहे. त्यांचे बालपण इस्राएलमध्ये गेले. २००० मध्ये रामल्ला येथे दोन इस्राएली सैनिकांची जमावाने केलेली हत्या त्यांनी चित्रफितीवर पाहिली. मारणाऱ्यांविषयी मनात उसळलेली सूडाची इच्छा, आणि नंतर त्या इच्छेचीच वाटलेली घृणा, हा अनुभव या खेळाच्या मुळाशी आहे. आधी द्वेष, मग शरम : खेळाचा क्रम हाच आहे. लेखकाने आपल्या मनाचा प्रवास खेळणाऱ्याच्या हातून पुन्हा घडवू पाहिला. ज्या संघर्षातील दोन बाजू समान बळाच्या नाहीत त्यातून निघालेल्या अनुभवाला समतोल त्रैराशिकात बसवता येते काय, असा प्रश्न काही समीक्षकांनी २०२० मध्येच विचारला होता, आणि तो रास्त होता. मला त्याला जोडून आणखी एक म्हणावयाचे आहे. लेखकाला शरम वाटली ती त्याच्या सवडीने, त्याच्या आयुष्याच्या ओघात. खेळणाऱ्याला ती चौदाव्या तासाला वाटावी अशी योजना आहे. द्वेष वेळेवर आणता येतो; शरम आणता येत नाही.

नाट्यगृहाचा प्रसंग मला श्रेष्ठ वाटतो, आणि ॲलिसचा क्षीण, याचे कारण येथे आहे. ॲलिसच्या ठिकाणी खेळ आपल्याला काय वाटावे हे सांगतो. नाट्यगृहात तो काही सांगत नाही; तेथे हात स्वतःच अडतो. बारा तासांच्या सवयीने बनलेले प्रेम बोटांत किती खोल गेले आहे, ते त्या अडण्यातून कळते. हे ज्ञान कादंबरी देऊ शकत नाही, रंगभूमी देऊ शकत नाही, आणि मालिकेनेही दिले नाही. समितीने विचारलेल्या "संहिता कोठे आहे?" या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर हेच आहे : लिहिलेले संवाद आणि चित्रे हा तिचा एक भाग, खेळणाऱ्याच्या हाताला लावलेले वळण हा दुसरा. पहिला भाग वाचून दुसऱ्यावर निकाल देता येत नाही.

अखेरचा प्रसंगही याच कसोटीवर पाहावा लागतो. सांता बार्बराच्या किनाऱ्यावर एली ॲबीला गाठते. ॲबी तोवर कैदेत राहून हाडांचा सापळा झालेली आहे. उथळ पाण्यात दोघी लढतात, एलीची दोन बोटे तुटतात. ॲबीला बुडवत असताना एली तिला सोडून देते. द्रौपदीने मण्यावर समाधान मानून अश्वत्थाम्याचा जीव वाचू दिला, त्या निर्णयाला तिच्या पुत्रशोकाचे वजन होते. एलीच्या क्षमेलाही वजन आहे. आदल्या एका रात्री तिने जोएलला क्षमा करण्याचा प्रयत्न करीन असे म्हटले होते, हे आपल्याला त्यानंतरच कळते. परंतु या क्षणी खेळणाऱ्याचा हात रिकामा असतो. पंचवीस तास प्रत्येक घाव आपल्याकडून घालून घेतला; सोडून देण्याचे मात्र एलीने एकटीने केले. मारण्याचे बटण होते, क्षमेचे नव्हते. या खेळावरचा माझा सर्वांत गंभीर आक्षेप हा आहे. तो मूल्यविधान म्हणून मी मांडते आहे; तरी तो सुचला तो चाहत्यांच्या त्या संतापातून, हेही तितकेच खरे.

आपल्या समीक्षेत आस्वादाची परिभाषा समृद्ध आहे. नकाराची जवळजवळ नाही. रसिक रंगला, विरस झाला, अनौचित्य जाणवले, इतके आपण सांगू शकतो. कलाकृतीने आपल्याकडून काही करून घेतले आणि आपण ते करावयास नाखूश होतो, या अनुभवाला आपल्याकडे शब्द नाही. कारण ग्रंथाने वाचकाकडून आजवर कधी काही करून घेतलेच नव्हते. आता घेतले जात आहे. त्या विद्यार्थिनीचा लघुप्रबंध अखेर दुसऱ्या विषयावर झाला. तिने यावर काढलेली साठ पाने माझ्याकडे आहेत. पुढच्या सत्रात 'निवेदक' हे प्रकरण शिकवताना त्यांतील काही भाग मी वर्गात वाचायला देणार आहे, आणि ज्या विद्यार्थ्याचे तिच्याशी भांडण झाले होते त्याने त्यांवर केलेल्या समासातील शेरेही खोडणार नाही.